तेवीस चौकोन

९ मार्च, सोमवार

ताई,

पत्राच्या डोक्यावर साष्टांग नमस्कार लिहायची आपल्या घराची रीत. पण साष्टांग घालायचा म्हणजे छाती जमिनीला टेकवावी लागते, आणि माझ्या छातीवर सध्या पाच तारा चिकटवल्या आहेत. तेव्हा उभ्यानेच घे.

तीन वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. कमरेच्या पिशवीत एक डबी आहे, चोवीस तास ठोके टिपते. तुझा जन्म दवाखान्यात लोकांच्या छातीला तारा लावण्यात गेला, तुला काय सांगायचं. डबीसोबत एक वही दिली आहे: किती वाजले, काय करत होता, काय वाटलं. ‘काय वाटलं’ या रकान्याला अर्धा इंच जागा. अर्ध्या इंचात मावेल एवढंच वाटून घ्यायचं असा नियम असावा. मला जास्त वाटलं, म्हणून हा कागद घेतला.

होतं काय की गेले दोनतीन महिने छातीत मधेच गडबड उडते. दम लागतो. टूलरूमच्या खिडकीपासून मागच्या फळीपर्यंत चौदा पावलं, तेवढ्यातही. हो, मी अजून टूलरूमलाच आहे. क्रेनवरून उतरवलं तेव्हापासून लोकांना हातमोजे, साखळ्या आणि पट्टे मोजून देतो, मोजून परत घेतो. कोणाच्या कृपेने ते मी लिहीत नाही, तुला पाठ आहे.

दारूचं विचारशील. सोडली आहे. जवळजवळ.

डबीचा हट्ट तुझ्या भावजयीचा. ती म्हणाली, “ताईंना कळवा.” मी म्हटलं, कळवतो. कळवलं.

– धाकटा

१५ मार्च, रविवार

ताई,

तुझं उत्तर नाही. मीही तीन वर्षं दिलं नव्हतं, तेव्हा तक्रार नाही.

निकाल लागला. डॉक्टरीणबाई आपल्या शेजारणीच्या मुलीएवढ्या दिसतात, पण नजर तुझी. डबीतून निघालेली लांबलचक पट्टी एका हातात आणि माझी वही दुसऱ्या हातात धरून म्हणाल्या, “साडेसातला तुम्ही ‘वाचन’ लिहिलंय.”

म्हटलं, “हो.”

“पावणेदहापासून ठोके बिघडलेत ते पहाटेपर्यंत. लेखक कोण?”

तुझी भावजय शेजारी बसलेली. तिने खिडकीबाहेर बघितलं. खिडकीबाहेर भिंत होती.

“किती घेता?”

“चारचौघांत, कधीमधी.”

“आठवड्यातून किती वेळा भेटतात हे चौघं?”

बाई बऱ्या आहेत, पण जिभेला धार आहे. त्यांनी सांगितलं की दारू हृदयाच्या विजेत लुडबुड करते. वरचे कप्पे धड आवळत नाहीत, नुसते थरथरतात, आणि खालच्यांना कोणाचा हुकूम पाळावा कळत नाही. एखाद्या रात्री जास्त झाली तर धडधाकट माणसाचंही असं होतं, सणासुदीच्या सुट्ट्यांनंतर असे कितीतरी येतात. रोज थोडी थोडी घेणाऱ्यालाही ते सुटत नाही. काहींचं आपोआप ताळ्यावर येतं. माझंही यायचं. आता येत नाही. शनिवारी पुन्हा पट्टी काढली तर तीच कथा.

तेव्हा ठरलं असं: रक्त पातळ ठेवायची गोळी, रोज संध्याकाळच्या जेवणासोबत, आजपासून सहा एप्रिलपर्यंत, तेवीस दिवस, एकही न चुकता. आणि सात एप्रिलला भूल देऊन छातीवर शॉक. ठोका जागेवर आला तर आला. दारू बंद.

तुझ्या भावजयीने तेवीस चौकोनांचा कागद करून फ्रिजवर चिकटवलाय. ती संध्याकाळी बायकांना शिवण शिकवायला जाते, नऊला येते. मी गोळी घेतली की चौकोनात खूण करायची आणि आल्यावर तिने बघायची. चोपन्नाव्या वर्षी गृहपाठ.

आणखी एक. बारा एप्रिलला कंपनीचे डॉक्टर येणार आहेत. क्रेनवरचा माणूस नोकरी सोडून चाललाय, जागा रिकामी होतेय. साहेब म्हणाले, कागद नीट असतील तर तुझा विचार करू. सातला शॉक, बाराला तपासणी. मधे पाच दिवस. पुरेत.

बत्तीस पायऱ्या चढून वर केबिनमध्ये बसलं की खाली कोण काय बोलतंय ते ऐकू येत नाही. तेवढ्यासाठी तरी मला परत जायचं आहे.

– धाकटा

२२ मार्च, रविवार

ताई,

आठ चौकोन भरले. कागद देखणा दिसतो.

परवा शुक्रवारी कर्नल रिटायर झाला. तुला कर्नल आठवत असेल, माझा सिग्नलमन, खाली उभा राहून हाताच्या खुणांनी मला माल कुठे न्यायचा ते सांगणारा. हात असे ताठ करायचा की वरून वाटे, सलामीच देतोय. सव्वीस वर्षं त्याने हात हलवला आणि मी नऊ टनांचं पत्र्याचं वेटोळं हलवलं. बायकोशी तरी माणूस इतकं ऐकून वागतो का?

दुपारीच सुट्टी दिली. कँटीनमध्ये भाषणं झाली, त्याला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला आता कुठेही वेळेवर जायचं नाही त्याला घड्याळ द्यायची कल्पना ज्याला सुचली त्याचा सत्कार करायला हवा. मग आम्ही पाचसहा जण बाहेर जाऊन बसलो. कर्नल म्हणाला, “तू नको घेऊस रे, तुझी तब्येत...” मी म्हटलं, “तू रोज रिटायर होतोस का?”

दोन बियर. मग थोडं दुसरं.

घरी आलो, सोफ्यावर पडलो. छातीत कोणीतरी टोपलीतले नटबोल्ट ओतत होतं. मोजायचा प्रयत्न केला, चार ठोके, मग काहीच नाही, मग एकदम सात. हिशेब लागेना.

पण घाबरून जाऊ नकोस, मी बेजबाबदार नाही. औषध आणि दारू यांची पोटात भेट होऊ द्यायची नसते एवढी अक्कल मला आहे. ती होऊ दिली नाही.

शनिवारी सकाळी तुझ्या भावजयीने कागद बघितला, म्हणाली, “छान.” तिने बऱ्याच वर्षांत माझ्या कशाला छान म्हटलं नव्हतं.

– धाकटा

२९ मार्च, रविवार

ताई,

काल तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांचा उपास सोडलास आणि वाढलंस काय, तर चार ओळी:

‘भेट होऊ दिली नाहीस म्हणजे त्या दिवशी गोळी घेतली नाहीस. किती चुकल्या? थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते. ती होऊ नये म्हणूनच गोळी. गुठळी असताना शॉक दिला आणि कप्पा पुन्हा जोरात आवळला की ती सुटून मेंदूत जाते. डॉक्टरांना सांग. – ताई’

‘कसा आहेस’ नाही, ‘बरं वाटलं पत्र वाचून’ नाही. सरळ पंचनामा.

तर ऐक. एकही चुकलेली नाही. पंधराच्या पंधरा चौकोन भरलेले आहेत, हवं तर भावजयीला विचार.

आणि विषय काढलाच आहेस तर तो सोमवारही काढू. वर्षातून एकदा क्रेनवाल्यांची तपासणी असायची, आणि ती तुझ्याच दवाखान्यात असायची. मी दरवर्षी तपासणीआधी आठवडाभर कोरडा राहायचो आणि पट्टी सरळ यायची. त्या वर्षी तारीख अलीकडे आली, मला कोणी सांगितलं नाही, आणि मी शनिवार-रविवार साजरा करून सोमवारी तुझ्या टेबलावर आडवा झालो. तू तारा लावल्यास. यंत्रातून कागद सरकायला लागला आणि तुझा चेहरा मला उलटा दिसत होता, तरी कळलं.

मी काय मागितलं होतं? “ताई, दोन दिवसांनी पुन्हा काढ. ही फाडून टाक.” एक कागद. तुझ्याकडे रीळच्या रीळ होते. तू म्हणालीस, “पट्टी निघाली की ती माझी नसते.” आणि उठून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून आलीस. मी म्हटलं, तू बहीण आहेस की पोलीस? तू म्हणालीस, “शर्ट घाल.”

तीन वर्षं मी हा किस्सा लोकांना सांगतो. सगळे माझ्या बाजूचे आहेत.

एक गोष्ट मात्र त्यांना सांगत नाही. तुला सांगतो, कारण तू विचारलेली नाहीस.

त्या शनिवारी सकाळपाळी होती. शुक्रवारची अंगात होती. वेटोळं उचलून ट्रककडे नेत होतो, आणि मधेच डोळ्यांसमोर पडदा आला. किती वेळ? दोन सेकंद, तीन. हात लिव्हरवर तसाच. पडदा सरकला तेव्हा कर्नल खाली दोन्ही हात पसरून उभा होता. थांब. आमच्यात इतर खुणा फक्त सिग्नलमनच्या पाळायच्या, पण ‘थांब’ कोणीही केली, झाडूवाल्याने केली, तरी पाळायची. मी थांबलो. वेटोळं त्याच्या छातीपासून दोन हातांवर झुलत होतं आणि मागे ट्रक. त्याला सरकायला जागाच नव्हती. तो ओरडला नाही. ओरडून उपयोग नव्हता, वर ऐकू येत नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्याने स्वतःचा डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, “सोमवारी पोटभर खाऊन येत जा.” कोणाला बोलला नाही. मीही नाही. संध्याकाळी मात्र प्यायलो. दुसऱ्या दिवशीही. आणि सोमवारी तुझ्या टेबलावर.

तेव्हा तुझ्या त्या पट्टीला मी शिव्या देतो त्या कुठल्या तोंडाने, हे मला ठाऊक आहे. तरी देतो. सवय आहे.

गोळ्यांचं मात्र खरं सांगतोय.

– धाकटा

५ एप्रिल, रविवार

ताई,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं.

चार चुकल्या. विसाव्या तारखेला कर्नलची. चोवीसला आणि पंचवीसला कसलंही कारण नव्हतं. कारण असतं तर बरं झालं असतं असं वाटून मी बराच वेळ शोधलं. आणि तीसला, म्हणजे तुला ते सात्त्विक संतापाचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी.

दर वेळी विचार एकच: दारू घेतली आहे, आता वर गोळी नको, बाधेल. बघ, काळजीच घेत होतो. दारू पिणाऱ्या माणसाएवढा पथ्यपाणी सांभाळणारा माणूस तुला शोधून सापडायचा नाही. चुकलेल्या चार गोळ्या टूलरूममध्ये डाव्या हाताच्या मोज्यांच्या खोक्यात आहेत. उजव्या हाताचे मोजे आधी फाटतात, म्हणून डाव्यांचं खोकं कोणी उघडत नाही. चौकोन मात्र सगळे भरले. खूण करायला काही प्यावं लागत नाही.

परवा मंगळवारी शॉक. तुझं कार्ड मी पाकिटात घेऊन फिरतोय. ‘सुटून मेंदूत जाते.’ वाचतो आणि परत ठेवतो. आमच्या खात्यातल्या एकाच्या वडिलांचं असं झालं होतं. एक बाजू गेली, वाचा गेली. आठ वर्षं मुलगा त्यांना भरवत होता. मला कोण भरवणार ते मला माहीत आहे. ती शिवणाचे वर्ग बंद करील आणि मला भरवील, आणि मी बोलू शकणार नाही, ही तिची त्यातली तेवढीच सोय.

आणि सांगितलं तर? पुन्हा पहिल्यापासून तीनचार आठवडे. बारा तारीख हुकते, क्रेन दुसऱ्याला जाते, आणि घरात फ्रिजवर तो कागद.

मी हिशेब केलाय. चारच तर आहेत. उद्याची धरून एकोणीस घेतल्या. शंभरातल्या ब्याऐंशीला शाळेत पहिला वर्ग मिळतो.

तू म्हणशील, मला कशाला लिहितोस, डॉक्टरांना सांग. मला कळतं. हे पत्र मी आज पेटीत टाकलं तरी तुला गुरुवारी मिळेल. मंगळवार तोपर्यंत उलटून गेलेला असेल. बघ, तुझा भाऊ कबुलीसुद्धा कशी वेळ बघून देतो.

– धाकटा

९ एप्रिल, गुरुवार

ताई,

मागचं पत्र आज तुला मिळालं असेल आणि तू कपाळाला हात लावून बसली असशील. हात काढ. मी हे स्वतःच्या हाताने लिहितोय, दोन्ही बाजू शाबूत आहेत.

सगळं रीतसर झालं. सकाळी उपाशीपोटी गेलो. हिरवा झगा घातला, ज्याची नाडी नेमकी मागे असते. नर्सने विचारलं, “गोळी चुकली का एखादी?” मी म्हटलं, “नाही.” इतकं सहज की मलाच कौतुक वाटलं. तिने लिहिलं. छातीवर आणि पाठीवर दोन मोठ्या चकत्या चिकटवल्या. भूल देणारे गृहस्थ हवापाण्याच्या गप्पा मारत सुई शोधत होते.

मग डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनीही विचारलं, “तेवीसच्या तेवीस?”

मी तोंड उघडायच्या आत तुझी भावजय पुढे झाली. अगं, तिने तो कागद आणला होता! फ्रिजवरून काढून, घडी घालून, पर्समध्ये. उलगडून बाईंसमोर धरला आणि म्हणाली, “एकही नाही चुकवली हो त्यांनी. मी रोज स्वतः बघितलंय. माझी खात्री आहे.”

बाई म्हणाल्या, “असे पेशंट मिळायला हवेत.”

आता बघ, मी खोटं बोललो तर ते माझं खोटं. त्यात माझा हातखंडा आहे. पण ती माझ्या वतीने शपथेवर उभी होती. उद्या माझं काही झालं असतं तर जन्मभर तिला वाटलं असतं, मी बघत होते, तरी कसं झालं. सुई शिरेत गेली होती. ते गृहस्थ म्हणाले, “आता झोप येईल हं.”

मी म्हटलं, “थांबा. त्यातल्या चार खोट्या आहेत.”

कोणी ओरडलं नाही. बाईंनी सुई काढायला सांगितली. नर्सने चकत्या ओढून काढल्या, थोडी जोरातच, केसांसकट. मी तिला नाही म्हणालो होतो, तिने ते लिहिलं होतं, तिचाही राग रास्त आहे.

बाई स्टूल ओढून बसल्या. “का चुकवल्या?” मी सांगितलं, त्या दिवशी प्यायलो होतो, म्हणून. मग म्हणाल्या, “दारू पिऊ नका, हे मी सांगितलं होतं. प्यायलात तर गोळी सोडा, असं कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. मलाच वाटलं.”

“आता नीट ऐका. पिणं वाईट. पिऊन गोळी टाळणं त्याहून वाईट. आणि टाळून मला न सांगणं म्हणजे माझ्या हातून तुम्हाला मारणं. प्यायलात तरी गोळी घ्यायची. आणि सकाळी इथे फोन करून सांगायचं की प्यायलो.”

त्या ‘प्यायलात तरी’ म्हणाल्या. ‘पिणार नाही असं वचन द्या’ नाही म्हणाल्या. इतकी वर्षं लोकांनी माझ्याकडून वचनंच घेतली, आणि मी उदार माणूस, मागेल त्याला देत आलो.

आता नवी तारीख पाच मे.

घरी येताना बसमध्ये तुझी भावजय खिडकीशी बसली. दोन थांबे गेल्यावर म्हणाली, “कुठल्या चार?”

मी तारखा सांगितल्या.

“पंचवीसला मी तुम्हाला विचारलं होतं. डोळे लाल होते तुमचे. मी विचारलं, घेतली ना? तुम्ही म्हणालात, चौकोन बघ की.”

“हो.”

“मी बघितला.”

एवढंच. ताई, तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या परत करू शकलो असतो.

कंपनीला कळवलं की बारा तारखेला येत नाही. साहेबांनी कारण विचारलं, ते सांगितलं. शनिवारच्या त्या वेटोळ्याचंही सांगितलं. त्यांनी माझ्यासमोरची फाइल बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवली. क्रेन आता गेली. जायलाच हवी होती. टूलरूममध्ये येऊन मी डावे मोजे मोजले, एकशे बारा भरले.

परवा रात्री प्यायलो. अशा दिवसानंतर माणूस सुधारतो असं कुठेतरी ऐकलं होतं. मी त्यातला नाही. पण गोळी घेतली, आणि सकाळी दवाखान्यात फोन करून सांगितलं. पलीकडच्या मुलीने विचारलं, “किती?” मी आकडा सांगितला. तिने दुसऱ्यांदा विचारलं, मी पहिल्यात दोन मिळवले. काल नाही प्यायलो. गोळी घेतली. आजचं संध्याकाळी कळेल.

नवा चौकोनांचा कागद मीच आखला आणि तुझ्या भावजयीला म्हटलं, लावू का? ती म्हणाली, “लावा. पण मी नाही बघणार. मला पुन्हा साक्षीला उभं करू नका.” मग लावला नाही.

म्हणून तुला लिहितोय. पत्रात मी खोटं बोलू शकतो, सावकाश, शब्द निवडून. तुझ्याकडे पुरावे आहेत. रोज संध्याकाळी आठला मला फोन कर. ‘गोळी घेतलीस का’ असं विचारू नकोस, त्याला ‘हो’ म्हणणं माझ्या जिभेच्या टोकावर असतं. ‘आज प्यायलास का’ असं विचार. मी गप्प बसलो, तर काय ते समज, आणि रागाने फोन ठेवून देऊ नकोस. मी गोळी तोंडात टाकून वर पाणी पितो त्याचा आवाज येईपर्यंत थांब.

– धाकटा